हिरव्या कापडाखाली असते 'पाटी'! घरचं बिलियर्ड टेबल बनतं कसं आणि घेताना पैसे वाया कसे जाऊ द्यायचे नाहीत?

पुणे : शहरात आणि आसपास नवीन बंगला किंवा फार्महाऊस झालं की काही जण त्यात एक 'गेम रूम' काढतात. कॅरम, टेबल टेनिस आणि मधोमध हिरव्या कापडाचं ते मोठं टेबल. पाहुणे आले की सगळे आधी त्याच्याभोवतीच गोळा होतात. पण दोन पावसाळे गेले की काही घरांत त्याच टेबलावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग पडलेला दिसतो. कारण विचारलं तर उत्तर येतं, "आता बॉल सरळ जात नाही हो, एका कोपऱ्यात पळतो."

दुकानात सगळी टेबलं सारखीच दिसतात. तीच कोरीव पायांची ऐट, तेच हिरवं कापड, तेच रंगीत चेंडू. भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. हा फरक असतो कापडाच्या खाली. तिथं दगड आहे की लाकडाच्या भुशाचा बोर्ड, यावर ते टेबल वीस वर्षं चालणार की दोन पावसाळ्यांत वाकणार हे ठरतं.

पोरगा पुण्यात नोकरीला असून नवीन घर घेतोय, जागेचे पैसे आल्यावर बंगला बांधायला काढलाय, तालुक्याच्या गावी दोन टेबलं टाकून धंदा करायचा विचार आहे, किंवा घरचं सुतारकाम आहे आणि पुण्यात काम शोधायचंय, अशा सगळ्यांना ही माहिती उपयोगी पडेल.

पुण्याशी जुनं नातं

हा खेळ आपल्याकडे आला तो इंग्रजांच्या छावण्यांतून. पुण्यात मोठी लष्करी छावणी होती, त्यामुळे साहेब लोकांच्या क्लबात ही टेबलं आली. पुढे आपले लोकही खेळू लागले. आज पूना क्लब, पीवायसी हिंदू जिमखाना अशा ठिकाणी हा खेळ चालतो.

'स्नूकर' हा प्रकार तर भारतातच जन्मला. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने जुन्या खेळात रंगीत चेंडू घालून तो सुरू केला, असं मानलं जातं. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहिले गेले.

विल्सन जोन्स यांचा जन्म पुण्यातला, १९२२ चा. १९५८ मध्ये कलकत्त्याला त्यांनी जागतिक हौशी बिलियर्ड स्पर्धा जिंकली. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेले पहिले भारतीय म्हणून त्यांचं नाव घेतात. १९६४ मध्ये त्यांनी पुन्हा ती स्पर्धा जिंकली. आजचे नामांकित खेळाडू पंकज अडवाणी यांचाही जन्म पुण्याचाच, १९८५ चा. त्यांच्या नावावर पंचवीसहून जास्त जागतिक विजेतेपदं आहेत.

बिलियर्ड, स्नूकर, पूल : घोळ करू नका

बिलियर्डमध्ये तीनच चेंडू असतात. स्नूकरमध्ये बावीस : पंधरा लाल, सहा रंगीत आणि एक पांढरा. हे दोन्ही खेळ एकाच टेबलावर होतात. ते टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असतं.

पूलचं टेबल लहान असतं. सात, आठ आणि नऊ फूट असे त्याचे तीन मुख्य आकार. चेंडू सोळा, तेही जरा मोठे. स्नूकरचा चेंडू साडेबावन्न मिलिमीटरचा, तर पूलचा सत्तावन्न मिलिमीटरचा. घरासाठी 'बिलियर्ड टेबल' म्हणून लोक घेतात ते बहुतेक वेळा पूलचं सात-आठ फुटी टेबल असतं. दुकानदाराशी बोलताना हा फरक आधी स्पष्ट करून घ्या.

दगडच का?

सुरुवातीला ही टेबलं लाकडी फळ्यांचीच होती. लाकूड ओलाव्याने फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. बैलगाडीच्या चाकाचं लाकूड उन्हाळ्यात आकसून धाव सैल होते, हे जुन्या माणसांनी पाहिलंय. टेबलाचंही तेच व्हायचं. मग इंग्लंडात जॉन थर्स्टन या टेबल बनवणाऱ्याने १८२६ च्या सुमाराला लाकडाऐवजी स्लेटचा दगड वापरला. आता त्याला दोनशे वर्षं होत आली, पण चांगल्या टेबलात आजही स्लेटच लागते.

स्लेट म्हणजे आपला पाटीचा दगड. लहानपणी ज्या काळ्या पाटीवर पेन्सिलीने बाराखडी गिरवली, त्याच जातीचा. हा दगड थरांचा असतो. खाणीतून काढल्यावर त्याच्या सपाट लाद्या निघतात. मशीनवर घासून त्या एकसारख्या करता येतात. एकदा सपाट केली आणि खालून नीट आधार दिला की लादी वर्षानुवर्षं तशीच राहते. हवेच्या ओलाव्याने ती फुगत नाही. टेबलासाठीची स्लेट मुख्यतः इटली, ब्राझील आणि चीन या देशांतून येते.

आपल्याकडे कमी किमतीच्या टेबलांत संगमरवर वापरतात. तो बोर्डापेक्षा नक्कीच बरा, पण त्याची घासाई आणि जोड किती नेमके आहेत यावर सगळं अवलंबून. आणि एक लक्षात ठेवा, दगड काळा आहे म्हणून तो स्लेट होत नाही. स्वयंपाकाच्या ओट्याचा कडप्पाही काळाच असतो. बिलावर 'स्लेट' हा शब्द आणि तिची जाडी लिहून घ्या.

सगळ्यात स्वस्त टेबलं एमडीएफ बोर्डाची. लाकडाचा बारीक भुसा आणि डिंक दाबून हा बोर्ड करतात. कोरड्या खोलीत लहान मुलांच्या खेळापुरता तो ठीक. पण पाणी किंवा दमट हवा लागली की फुगतो, आणि एकदा फुगलेला बोर्ड पुन्हा सरळ होत नाही.

टेबल बनतं ते असं

१) सांगाडा : पाय आणि खालची चौकट लाकडाची, काही ठिकाणी लोखंडाची. सागवान किंवा शिसवासारखं कठीण लाकूड चांगलं. लाकूड नीट वाळवलेलं हवं. ओलं लाकूड घालून केलेली चौकट सहा महिन्यांत पिळा खाते आणि वरचा दगडही तिरका होतो. मोठ्या स्नूकर टेबलाला आठ पाय असतात. दगडाला मधूनही आधार लागतो, म्हणून चौकटीत आडवे दांडे घालतात.

२) दगड : पूलच्या टेबलाला एक अखंड लादी किंवा तीन तुकडे असतात. चांगल्या टेबलात जाडी एक इंच. आठ फुटी टेबलाचा नुसता दगडच दोनशे किलोच्या वर जातो. स्नूकरच्या टेबलाला पाच लाद्या, पावणेदोन-दोन इंच जाडीच्या. एकेक लादी पावणेदोनशे किलोच्या आसपास. पूर्ण टेबल साधारण तेराशे किलोचं, म्हणजे सिमेंटची सव्वीस पोती! शेजारच्या लाद्या एकमेकींत खिळ्यांनी अडकवतात, म्हणजे त्या वर-खाली सरकत नाहीत.

३) लेव्हल : कसब लागतं ते इथे. शेतात पाणी धरताना सरी एका जागी बोटभर उंच राहिली की पाणी पुढे सरकत नाही. इथे तर बोट सोडाच, केसाचा हिशोब असतो. पूलच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे टेबलाच्या पूर्ण लांबीत अर्धा मिलिमीटर आणि रुंदीत पाव मिलिमीटर एवढाच फरक चालतो. अर्धा मिलिमीटर म्हणजे जेमतेम दोन पत्त्यांची जाडी. आणि खरोखरच, फिटर लोक दगडाखाली पाचर म्हणून खेळायचे पत्ते घालतात! गवंड्याची पाणसळ इथे पुरत नाही. कारखान्यात मशीन बसवताना वापरतात तशी बारीक लेव्हल लागते. लेव्हल झाली की लाद्यांच्या जोडात मेण वितळवून भरतात, काही जण लांबी भरतात. वाळल्यावर ते खरवडून एकसारखं करतात. बोट फिरवलं तर जोड लागता कामा नये.

४) रबर : चारी बाजूंच्या लाकडी पट्ट्यांना आतून रबर चिकटवतात. चेंडू त्यावर आपटून परत येतो. रबराची धार चेंडूच्या मध्यापेक्षा थोडी वर लागते. पूलच्या सत्तावन्न मिलिमीटरच्या चेंडूला ती दगडापासून साधारण छत्तीस मिलिमीटरवर हवी. धार खाली गेली तर चेंडू उडी मारतो, फार वर गेली तर दाबला जाऊन वेग मरतो. जुन्या काळात थंडीत रबर कडक व्हायचं. गंधक घालून रबर पक्कं करायची रीत १८४० च्या दशकात आली, तेव्हा ती अडचण सुटली. स्वस्त रबर मात्र आजही काही वर्षांत दगडासारखं टणक होतं.

५) कापड : हे लोकरीचं असतं, पूलच्या कापडात नायलॉनही मिसळतात. स्नूकरच्या कापडाला एका दिशेने लव असते, म्हणून ब्रश आणि इस्त्री नेहमी लवेच्याच दिशेने मारतात. कापड ताणून बसवायला सराव लागतो. सैल राहिलं तर घडी पडते, वेडंवाकडं ताणलं तर चेंडूची चाल बिघडते.

६) चेंडू : एके काळी हे हस्तिदंताचे असत आणि त्यासाठी हत्ती मारले जात. १८६० च्या दशकात अमेरिकेत दुसरा पदार्थ शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. त्या खटपटीतून जॉन हयात यांनी सेल्युलॉइडचा चेंडू केला. आता चेंडू फिनॉलिक रेझिनचे असतात. जुन्या घरांतली काळी बॅकेलाइटची बटणं आठवतात ना, त्याच जातीचं हे प्लॅस्टिक. कठीण आणि लवकर न झिजणारं.

घरात मावेल का? आधी टेप धरा

टेबल खोलीत बसलं म्हणजे झालं, असं नाही. काठी मागे घ्यायला चारी बाजूंनी जागा लागते. काठीची लांबी साधारण ५८ इंच, म्हणजे पाच फुटांना थोडी कमी. हिशोब सोपा आहे : खेळायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक काठी धरायची.

• सात फुटी पूल : खोली किमान सव्वासोळा बाय तेरा फूट
• आठ फुटी पूल : सतरा बाय साडेतेरा फूट
• नऊ फुटी पूल : अठरा बाय चौदा फूट
• बारा फुटी स्नूकर : बावीस बाय सोळा फूट

पुण्यातल्या नेहमीच्या फ्लॅटचा हॉल दहा-अकरा फूट रुंद असतो. म्हणजे त्यात सात फुटी टेबलही नीट खेळता येत नाही. आखूड काठ्या मिळतात, पण ती तडजोड झाली. बंगल्याचा नकाशा काढतानाच खोलीचं माप ठरवलं तर भिंत फोडायची वेळ येत नाही. खांब कुठे येतो, दार कुठे उघडतं, तेही पाहा.

जागेची अडचण असेल तर जेवणाचं आणि पूलचं एकत्र टेबल मिळतं. वरच्या फळ्या काढल्या की खेळ, टाकल्या की जेवण. पण त्यातही आत दगड आहे का, हे विचाराच. आणि खोलीच्या मापाचा वरचा हिशोब त्यालाही लागू आहे.

स्लॅबला झेपेल का?

घराच्या खोल्यांचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून काढतात. आठ फुटी पूलचं टेबल त्यात सहसा बसतं. पण सगळा भार चार पायांवर येतो, त्यामुळे खाली पोकळ राहिलेली फरशी तडकू शकते. स्नूकरचं टेबल वरच्या मजल्यावर टाकायचं असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या लाकडी तुळयांवर तर हा प्रयोग नकोच. तळमजला सगळ्यात चांगला.

दगड वर न्यायचा कसा, हाही प्रश्न आहे. अखंड लादी लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडते. अशा ठिकाणी तीन तुकड्यांचा दगडच घ्यावा.

पावसाळा हाच खरा वैरी

पुणे शहरात पाऊस बेताचा, पण मुळशी, लोणावळा, पानशेतकडच्या फार्महाऊसमध्ये चार महिने भिंतींना ओल असते. दगडाला काही होत नाही, पण कापड ओलावा ओढतं आणि चेंडू जड चालतो. लाकडी पट्ट्या फुगतात. बंद खोलीत बुरशीही धरते. म्हणून टेबल बाहेरच्या भिंतीला लागून किंवा पडवीत ठेवू नये. खेळ झाला की ब्रश मारून कव्हर टाकावं. घर महिनोन् महिने बंद राहत असेल तर कोणाला तरी सांगून उघडीप मिळेल तेव्हा खोलीत वारा खेळता ठेवावा. खिडकीचं थेट ऊनही नको, त्याने कापड विटतं आणि लाकूड तडकतं.

आणखी एक : टेबल कधीही ढकलून सरकवू नका. सरकवलं की पाय हलतात, जोड उघडतात आणि लेव्हल जाते. जागा बदलायची असेल तर फिटर बोलावून सुटं करूनच हलवावं. नवीन टेबल बसवल्यावर काही महिन्यांनी लेव्हल पुन्हा तपासून घ्यावी, कारण वजनाने पाय थोडे बसतात.

पैसे देण्याआधी हे पाहा

• टेबलाखाली वाकून बघा. बॅटरी मारली की दगडाची कड किंवा खालचा भाग दिसतो. कापडावर बोटाने ठोका. दगडाचा आवाज टणक येतो, बोर्डाचा ढोलासारखा पोकळ.
• चेंडू अगदी हळू सोडा, लांबीत, रुंदीत आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात. शेवटी थांबताना तो एका बाजूला वळला तर लेव्हल नाही. जोरात मारलेला चेंडू काहीच सांगत नाही.
• चारी बाजूंच्या रबरावर सारख्याच जोराने चेंडू मारा. एखाद्या ठिकाणी 'ठक्क' असा मेलेला आवाज आला तर तिथे रबर सुटलंय.
• टेबल, वाहतूक, हमाली, फिटिंग, कापड, चेंडू-काठ्या आणि जीएसटी, सगळ्याचे भाव वेगवेगळे लिहून घ्या. 'सगळं त्यात आलं' या बोलण्यावर जाऊ नका.
• फिटिंग कोण करणार आणि नंतर लेव्हल बिघडली तर कोण येणार, हे बिलावर लिहून घ्या.
• जुनं टेबल घेत असाल तर घाबरू नका. दगड चांगला असेल तर कापड आणि रबर बदलून ते नव्यासारखं होतं. लादी तडकलेली असेल तर मात्र सोडून द्या.
• पार्लर काढायचं असेल तर आधी पोलीस ठाण्यात आणि नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत परवान्याची चौकशी करा, टेबल नंतर.

सुतारांसाठी

सागवानासाठी पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट प्रसिद्धच आहे. पाय, चौकट, बाजूच्या पट्ट्या, वर टाकायच्या फळ्या, काठ्यांचा स्टँड ही सगळी कामं चांगला सुतार करू शकतो. पण दगड लावणं, रबराची उंची राखणं आणि कापड ताणणं हे वेगळं कसब आहे. ते पुस्तकातून येत नाही, जाणत्या फिटरच्या हाताखाली राहूनच शिकावं लागतं. टेबलाचा दगड वर्षानुवर्षं टिकतो, पण कापड झिजतं, रबर जुनं होतं, घर बदललं की टेबल खोलून पुन्हा बसवावं लागतं. म्हणजे टेबल एकदाच विकलं जातं, फिटरला मात्र पुन्हा पुन्हा बोलावणं येतं. गावाकडच्या रंधा धरता येणाऱ्या पोराने हे काम शिकून घेतलं तर वाया जाणार नाही.

घरात पुण्याला कोणी असं टेबल बघत असेल तर वरची यादी त्याला आजच पाठवा. आगाऊ रक्कम दिल्यानंतर दुकानदार टेबलाखाली बॅटरी मारू देतो, पण तेव्हा त्याचा उपयोग नसतो.